टॅबवाले सर

रिहे खोऱ्यात आलेला परका माणूस कशासाठी आलाय, हे त्याच्या पायांकडे बघून सांगता येतं. जमीन बघायला आलेल्याचे बूट पांढरे असतात आणि तो बांधावर उभा राहून डोंगराचे फोटो काढतो. साहेब लोक गाडीतून पाय खालीच ठेवत नाहीत. आणि ज्याच्या चपला हातात, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि छातीशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी घट्ट धरलेलं, ते टॅबवाले सर. मुळशीच्या पावसात सर स्वतः नखशिखांत भिजतात. टॅब भिजला तर मात्र लेखी खुलासा द्यावा लागतो.

कागदावर ते ‘डेटा मॅनेजर’. पुण्यातल्या कुठल्याशा संशोधन प्रकल्पात, अकरा महिन्यांच्या करारावर. माणसांवर करायच्या प्रयोगाचं सॉफ्टवेअर तयार करायचं, ते सगळ्या टॅबमध्ये भरायचं, घरोघर फिरणाऱ्या ताईंना शिकवायचं आणि रात्री सगळ्यांचं काम सर्व्हरवर चढलं का, ते बघत बसायचं. प्रकल्पाच्या मॅडम परदेशातल्या परिषदेत ‘ग्रामीण महाराष्ट्रातील निर्णयप्रक्रिया’ या विषयावर बोलत असतात, तेव्हा ती प्रक्रिया घोटवडे फाट्यावर वडापाव खाता खाता चार्जिंगला पिन शोधत असते.

सरांचं दैवत म्हणजे ओडीके. हे मोफत सॉफ्टवेअर २००८ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालं. मोबाइलवर फॉर्म भरा, रेंज नसेल तर आत साठवा, रेंज आली की पाठवा, असा सरळ कारभार. प्रश्नावली बनवायला एक एक्सेलची फाइल पुरते. एका ओळीत एक प्रश्न. एका रकान्यात तो प्रश्न कधी विचारायचा याची अट, दुसऱ्यात कोणतं उत्तर चालेल याची मर्यादा. सरांचा जीव या दोन रकान्यांत आहे. एकदा पहिल्या रकान्यातली अट उलटी पडली आणि टॅबने एका पैलवानाला विचारलं, ‘सध्या आपण गरोदर आहात का?’ प्रश्न सक्तीचा होता, उत्तर दिल्याशिवाय पान पुढे सरकेना. पैलवानाने थोडा विचार केला आणि म्हणाला, “सध्या नाही.” फॉर्म पुढे गेला.

दुसऱ्या रकान्यात सरांनी वयाची मर्यादा घातली होती, १८ ते ९९. वाडीतल्या एका आजीने आल्या आल्याच ती मोडली. “एकशे दोन,” आजी म्हणाल्या. टॅब लाल झाला. सर घामाघूम.

“आजी, आधार कार्ड बघू?”

आधारवर जन्मतारीख १ जून. ती तर अर्ध्या वाडीची आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी दिलेली जन्मतारीख महाराष्ट्रात वंशपरंपरेने चालते, शाळेत न गेलेल्यांनाही ती लागू होते. अशा वेळी सर्वेक्षणवाल्यांकडे एक जुनी युक्ती असते, घटनांची. कोयनेचा भूकंप आठवतो का, बाहत्तरच्या दुष्काळात मुलं किती मोठी होती, असं विचारत मागे मागे जायचं. सरांनी विचारलं, “पानशेत फुटलं तेव्हा तुम्ही केवढ्या होतात?” म्हणजे १२ जुलै १९६१. आजी म्हणाल्या, “थोरला कडेवर होता.” थोरला अंगणातच बसला होता. त्याने स्वतःचं वय पंचावन्न सांगितलं. सरांनी हिशोब केला, पुन्हा केला आणि टॅब मिटून चहा घेतला.

पण वय परवडलं. ‘कुटुंब’ हा सरांचा खरा शत्रू. पुस्तकातली व्याख्या सोपी आहे : एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. रिह्यात एका घरात तीन भाऊ, रेशनकार्ड एक, गॅसच्या जोडण्या दोन, भाकरी मात्र आईच्या चुलीवरची तिघांकडे जाते आणि धाकटा हिंजवडीला कंपनीच्या कँटीनमध्ये जेवतो. शेती किती, या प्रश्नावर थोरला विचारतो, “विकायच्या आधीची का नंतरची?” टॅबमध्ये फक्त आकडा बसतो. सर आकडा टाकतात, पण त्या रात्री त्यांना झोप येत नाही. मला वाटतं, प्रकल्पात झोप उडणारे ते एकटेच असावेत. निष्कर्ष काढणारे सगळे गाढ झोपतात.

कायद्याच्या बाबतीत सर फार कडक. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं त्यांना तोंडपाठ आहेत. सहभाग ऐच्छिक, कारण न सांगता कधीही माघार घेता येते, नाव कुठेही जाहीर होणार नाही. हे सगळं वाचून झाल्यावर यजमानीणबाई म्हणतात, “चहा टाकलाय सर, आता कसली माघार?” सही येत नसेल तर अंगठा, आणि अंगठ्याला निःपक्षपाती साक्षीदार हवा. निःपक्षपाती! गावात अर्धे लोक भावकीतले आणि उरलेले सोयरे. शेवटी सर रस्त्यावर येऊन दूधवाल्याची वाट बघतात. दूधवाला बाहेरच्या गावचा असतो, पण त्याची तीन महिन्यांची उधारी त्याच घरात असते.

मग टॅब त्या घराला एका गटात टाकतो. एका गटाला काही सवलत, दुसऱ्याला काही नाही, असा प्रयोग. कोण कुठे जाणार हे सर्व्हर ठरवतो, मॅडमनाही आधी कळत नाही. हे ऐकून एक माजी सदस्य सरांना बाजूला घेऊन गेले. “आमच्या आळीचं तेवढं बघा.” सरांनी समजावलं, “दादा, सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत असते ना, लहान पोराच्या हातून चिठ्ठी काढतात, तसं आहे हे. कुणाच्या हातात काही नाही.”

सदस्य गालातल्या गालात हसले. “पोरगं कुणाचं होतं, ते विचारलंत का?”

मुख्य खेळ त्याच्या पुढे. मानसशास्त्राच्या आणि अर्थशास्त्राच्या प्रयोगांत वर्षानुवर्षं पाश्चात्त्य देशांतल्या कॉलेजची पोरं बसवत आणि निष्कर्ष साऱ्या मानवजातीला लावत. कॅनडातल्या तीन संशोधकांनी २०१० साली यावर झोड उठवली, तेव्हापासून मानवजातीत आपलाही नंबर लागला. म्हणून आता रिह्यातल्या ओटीवर टॅब विचारतो : ‘तुम्हाला १०० रुपये मिळाले आहेत. त्यातले किती एका अनोळखी व्यक्तीला द्याल?’

“अनोळखी म्हणजे कोण?” काका विचारतात.

“ते सांगता येत नाही, काका. गोपनीय आहे.”

“भावकीतला नाही ना?”

“तेही सांगता येत नाही.”

“मग शून्य लिहा. भावकीतला निघाला तर?”

सरांनी शून्य लिहिलं. मॅडमच्या लेखात याला स्वार्थी वृत्ती म्हणतील, हे त्यांना माहीत आहे. काका तर नुकतेच वाट चुकलेल्या मोटरसायकलवाल्या पोरांना जेवायला घालून आलेले. त्यासाठी रकाना नाही. फॉर्मच्या शेवटी ‘शेरा’ म्हणून एक चौकट असते, तिथे सर इमानेइतबारे लिहितात. ती चौकट आजवर कुणी उघडून वाचल्याचं त्यांच्या ऐकिवात नाही.

पुढचा प्रश्न : ‘आज १०० रुपये हवेत की महिन्याने १५०?’ यातून माणसाचा धीर मोजतात. काकांनी टॅबकडे पाहिलंच नाही. सरांकडे पाहिलं.

“महिन्याने तुम्ही याल का?”

“येईन की.”

“परवा एक असाच आला होता. विहिरीचा फोटो काढून गेला, तो गेलाच.”

“मी येईन, काका.”

“बरं. मग दीडशे.”

आता सांगा, यात धीर कुणाचा मोजला? बरोबर महिन्याने, भात लावणीच्या ऐन धांदलीत, सर आले. चपला हातात, पॅन्ट गुडघ्यापर्यंत, टॅबच्याच पिशवीत एक पाकीट. काका खाचरात होते, चिखलाने माखलेले. त्यांनी बांधावर येऊन हात धुतले, पाकीट उघडलं, नोटा उजेडात धरून बघितल्या, पावतीवर सही केली. मग नोटा तशाच सरांपुढे धरल्या.

“याचे पुढच्या महिन्यात किती होतील?”

सरांनी प्रयोग संपल्याचं सांगितलं. काकांना ते पटलं नाही. संध्याकाळपर्यंत आळीतले चारजण गुंतवणुकीसाठी सरांचा फोन नंबर मागून गेले.