एकशेपाच टीएमसी आणि साडेतीन लिटर

जुनी गाडी घेऊन कोकणात निघालेल्या माणसाला महाराष्ट्रात सल्ल्याचा तुटवडा कधी जाणवत नाही. त्यात गाडी ऑइल गळत असेल तर विचारूच नका. पंक्चरचं कारण एकच असतं, खिळा. ऑइल गळतीला जितके बघणारे तितकी कारणं, आणि बघणाऱ्या प्रत्येकाच्या मेव्हण्याच्या गाडीला अगदी हेच होऊन गेलेलं असतं.

आमची गाडी पुण्याहून गुहागरला निघाली ती गळतच. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण कंपनीतून बाहेर पडली तेव्हा ती गळत नव्हती. नंतरची वीस वर्षं आमच्याकडे काढल्यावर कुठलंही रबर कडक होणारच. सोसायटीच्या वॉचमनला मात्र तिची सोय होती. आम्ही घरी आहोत का, असं कुणी विचारलं की तो पार्किंगमधल्या डागाला बोट लावून सांगायचा, "आत्ताच गेले. ओला आहे."

बरोबर सौ. होती आणि नाना होते. नाना हे तिचे काका, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. हयात कालव्यांवर आणि धरणांवर गेल्यामुळे गळती या विषयावर इतरांनी तोंड उघडू नये, असं त्यांचं प्रांजळ मत. निघण्यापूर्वी त्यांनी डिपस्टिक काढायला लावली, पुसली, परत घातली, पुन्हा काढली आणि उन्हात धरून पातळी वाचली. "मृतसाठ्याच्या जरा वर आहे," ते म्हणाले. मी डिकीत ऑइलचा डबा टाकला आणि निघालो.

साताऱ्यात कंदी पेढे घेईपर्यंत गाडीखाली रुपयाएवढा ठिपका जमला होता. हायवेलगतच्या गॅरेजमधला पोरगा पोत्यावर आडवा होऊन आत सरकला आणि आतूनच ओरडला, "चेंबर नट!" ऑइल सोडायचा जो नट तळाला असतो, त्याचा तांब्याचा वायसर त्याने बदलला. "आता थेंब जरी पडला तरी मला सांगा," असं तो छातीवर हात ठेवून म्हणाला. कसं सांगायचं ते मात्र त्याने सांगितलं नाही.

कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. आम्ही गाडी लावली तेव्हा तिसरी धार गाडीखालून निघून त्यांना मिळायच्या बेतात होती. इथल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून साताऱ्याचं काम न बघताच विचारलं, "हे कुणी केलं?" मागच्याच्या कामाला एवढं म्हटल्याशिवाय पुढच्या मिस्त्रीला पाना चालवता येत नाही, असा त्या धंद्याचा शिरस्ता असावा. त्यांचं निदान होतं टॅपेट कव्हरचं पॅकिंग. "ऑइल वरून निघतं, खाली दिसतं. खाली बघून काय उपयोग?" हे मला पटलं. पॅकिंग नवीन बसलं, त्यावर बॉन्ड फासला गेला आणि नाना खूश झाले, कारण त्यांच्या खात्यातही ग्राउटिंग झाल्याशिवाय बिल निघत नसे.

पाटणला गाडी पुन्हा ओली. "हे कुणी केलं?" झाल्यावर तिथे ऑइल प्रेशरचा स्विच बदलला. आता गाडीत नव्या वस्तूंची संख्या वाढत होती आणि ऑइल तेवढं कमी होत होतं. सौ. वहीत हिशेब लिहीत होती. तिने पेट्रोल आणि ऑइल असे दोन स्वतंत्र रकाने केले, तेव्हा मी रस्त्याकडे जरा जास्तच लक्ष दिलं.

कोयनानगरला नानांना कंठ फुटला. उंची १०३ मीटर, साठा १०५ टीएमसी, एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. हे ऐकून सौ. मला म्हणाली, "सरकार एवढं पाणी अडवतं, आणि तुमच्याने साडेतीन लिटर ऑइल अडत नाही."

"धरणही पाझरतं," नाना माझ्या मदतीला आले. "मुळीच न पाझरणारं धरण कुणी दाखवावं! आत गॅलरी असते, पाझर तिथे गोळा करतात आणि रोज मोजतात. पाण्याचा दाब पायाखाली कोंडला तर तो धरणालाच वर उचलू बघतो. म्हणून मुद्दाम भोकं पाडून त्याला वाट करून द्यायची. पाझराला भिऊ नये, कोंडलेल्या दाबाला भ्यावं." त्या क्षणी आमचं लक्ष चहाच्या टपरीकडे होतं. नाहीतर पुढचा खर्च वाचला असता.

कुंभार्ली घाट उतरताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. कोयना स्वभावाने कृष्णेला मिळून पूर्वेला जाणारी. तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला आणलं, पोफळीच्या भूमिगत वीजघरात फिरवलं आणि शेवटी चिपळूणच्या वाशिष्ठीत सोडलं. म्हणजे आमच्यासारखीच कोयनाही घाटावरून कोकणात गळत होती. फरक एवढाच की तिच्या गळतीवर वीज निघते.

गुहागरला मावशीचं अंगण नुकतंच सारवलेलं. गाडी थांबली, तशी मावशी ओटीवरून म्हणाली, "आलास? ये. ती बया मात्र बाहेर ठेव." रात्री तिने स्वतः जुनी परात आणून गाडीखाली सरकवली. सकाळी नानांनी परातीतल्या ऑइलची खोली काडीने मोजली आणि माझ्या डायरीत वेळेसह नोंद केली. आळीतली चार माणसं परातीभोवती उभी राहिली. एकाने सील सांगितलं, दुसऱ्याने गॅस्केट. तिसऱ्याने इंजिन उतरवायला सांगितलं आणि चौथ्याने गाडी विकायला. मावशीने चौथ्याला चहा दिला.

परतीच्या वाटेवर चिपळुणात एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचा गाडीखाली गेलेच नाहीत. "हे कुणी केलं?" असंही म्हणाले नाहीत, तेव्हाच मला आशा वाटू लागली. त्यांनी इंजिन सुरू ठेवायला सांगितलं आणि ऑइल घालायचं झाकण उघडलं. आतून धूर फक्‌फक् करत बाहेर पडला. त्यावर त्यांनी तळवा धरला आणि म्हणाले, "इंजन गुदमरलंय."

मग त्यांनी समजावलं ते असं. पेट्रोल जळताना थोडा गॅस पिस्टनच्या रिंगांजवळून निसटून खाली चेंबरमध्ये उतरतोच, नव्या इंजिनातही उतरतो. तो बाहेर काढायला ब्रीदरची नळी आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. तिथून तो गॅस परत इंजिनात ओढला जातो आणि जळून जातो. ही वाट काजळीने बुजली की आत दाब वाढतो आणि जे सील सगळ्यात कमजोर, तिथून ऑइल बाहेर ढकलतो. ते सील बदललं की त्याच्या पुढचं कमजोर. घाट, चढ, जड सामान, की दाब आणखी जास्त. बोलता बोलता त्यांनी बोटाएवढा व्हॉल्व्ह उपसला आणि माझ्या कानाशी हलवला. "हा खुळखुळ्यासारखा वाजायला पाहिजे." तो ढिम्म वाजला नाही.

"अपलिफ्ट!" नाना किंचाळले. "मी कोयनेला हेच सांगत होतो!"

"मग साहेब," चाचा शांतपणे म्हणाले, "तिथेच साफ करायचा होतात."

नळी साफ झाली, व्हॉल्व्ह नवा बसला. तरीही कुठे झिरपत असेल तर ते नक्की करायला चाचांनी गार झालेलं इंजिन डिझेलने धुऊन पुसून कोरडं केलं आणि टाल्कम पावडर मागितली. सौ.ने पर्समधला डबा अतिशय जड हाताने दिला. इंजिन न्हाऊन पावडर लावलेल्या बाळासारखं पांढरंशुभ्र झालं. परशुराम घाटापर्यंत फेरी मारून आलो. चेंबर नट, टॅपेट कव्हर, स्विच, सगळं कोरडं. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी मात्र एक काळी रेघ उमटली होती. तिथली रबरी रिंग प्लास्टिकसारखी कडक झाली होती. नव्या रिंगेला पावशेर पेढ्यांपेक्षा कमी पैसे पडले. परत येताना कुंभार्ली चढलो, कराडला थांबलो, साताऱ्यालाही थांबलो. गाडीखाली कोरडं. साताऱ्याच्या पोराला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तेव्हा गळक्या गाडीच्या मालकांनो, डाग जिथे पडतो तिथे रोग नसतो. वारा ऑइल मागे नेतो, उतार खाली नेतो. म्हणून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका शोधा. सील बदलण्याआधी ब्रीदर तपासा. डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी कडेला घेऊन इंजिन तिथल्या तिथे बंद करा, पुढच्या गावाची वाट बघू नका. आणि पावडर स्वतःची वापरा.