प्रति, यंत्रमहोदय

प्रत्येक सोसायटीत एक भाऊसाहेब असतातच, तेव्हा ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. आमचे भाऊसाहेब महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, एवढं पुरे. खात्यानं त्यांना सोडलं, त्यांनी खात्याला सोडलेलं नाही. वहिनींनी "येताना कोथिंबीर आणा" म्हटलं तरी हे चपला घालता घालता विचारतात, "संदर्भ?"

परवा आमच्या सेक्रेटरीनं चॅटबॉटला हुकूम सोडला, 'टाकी सफाईची नोटीस लिही.' बॉटनं दीड पान लिहिलं. सुरुवात 'पाणी म्हणजे जीवन' अशी आणि शेवटी 'चला, एकजुटीने स्वच्छतेचा वसा घेऊ या.' टाकी कधी धुणार, पाणी किती वाजता बंद, याचा पत्ता नाही. सेक्रेटरी म्हणाला, "भंगार आहे हे एआय." भाऊसाहेबांनी तो मजकूर चष्मा कपाळावर सरकवून वाचला आणि म्हणाले, "त्याचं काय चुकलं? अर्जच त्रुटीचा आहे. कोणती टाकी? तारीख? आणि संदर्भ काय?"

मग एका बोटानं, पण ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक न करता, त्यांनी स्वतः टाइप केलं:

'प्रति, यंत्रमहोदय. विषय: गच्चीवरील टाकीच्या सफाईबाबत. संदर्भ: १) अध्यक्षांशी जिन्यात झालेली तोंडी चर्चा. २) बी विंगमधील काकूंची तक्रार (मोठ्याने). महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी ९ ते १ पाणी बंद राहील. आपण सोसायटीचे सचिव आहात असे समजून ८० शब्दांच्या आत नोटीस सादर करावी. वाचणाऱ्यांत वृद्ध बरेच असल्याने वाक्ये लहान असावीत. उपदेश नसावा. गतवर्षीची नोटीस नमुन्यादाखल सोबत जोडली आहे. आपला विश्वासू.'

नोटीस अशी आली की थेट फलकावर लावावी. माझा अगदी तिळपापड झाला. भूमिका सांगा, पार्श्वभूमी द्या, उत्तर कोणत्या स्वरूपात हवं ते कळवा, नमुना जोडा, हे शिकवायला पोरं पैसे घेऊन वर्ग चालवतात. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला लोकांसाठी खुलं झालं. भाऊसाहेबांच्या मते जरा उशीरच झाला, कारण त्याच्याशी बोलायची रीत कचेरीत कधीचीच तयार होती.

एकदा त्यांना खिजवायला मी एलायझाची गोष्ट सांगितली. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबॉम यांचा तो प्रोग्रॅम १९६६ सालचा. माणूस म्हणाला, मला उदास वाटतं, तर एलायझा विचारणार, तुम्हाला उदास का वाटतं? समोरच्याचं वाक्य फिरवून त्यालाच परत द्यायचं. भाऊसाहेबांचे डोळे चमकले. "म्हणजे निर्णय काहीच घ्यायचा नाही, अर्जदार मात्र समाधानानं घरी! आमच्याच खात्यातली दिसते."

आजच्या बॉटांवर मात्र त्यांचा राग आहे. 'खूप छान प्रश्न विचारलात!' असं उत्तर आलं की ते लालबुंद होतात. "माझ्या प्रश्नावर शेरा मारायचा अधिकार याला दिला कोणी?" एका संभाषणात दोन विषय कोणी काढले की ओरडतात, "एका नस्तीत एकच विषय!" रहिवाशांचे फोन नंबर त्यात कोणी टाकू लागलं, तर गोपनीयतेवर पंधरा मिनिटं ऐकावं लागतं.

पार्किंगच्या भांडणात बॉटनं एक शासन निर्णय क्रमांक-तारखेसकट काढून दिला. सेक्रेटरी नाचायचाच बाकी होता. भाऊसाहेब म्हणाले, "प्रत?" शासनाच्या संकेतस्थळावर शोधशोध शोधलं, असा निर्णय कुठंच नव्हता. भाऊसाहेबांनी बॉटला कारणे दाखवा नोटीस बजावली. बॉटनं तत्काळ क्षमा मागितली आणि तितक्याच अदबीनं दुसरा खोटा क्रमांक दिला.

"अहो, तो दप्तर उघडून बघतच नाही," ते आम्हाला समजावू लागले. "या शब्दापुढं बहुतेक कोणता शब्द येतो, एवढ्या अंदाजानं लिहीत जातो. नव्या कारकुनाला मसुदा तोंडपाठ असतो आणि फाईल माहीत नसते, तसं." तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक पत्राखाली एक ओळ असते: 'सोबतच्या कागदांत नसलेली माहिती उपलब्ध नाही असे स्पष्ट नमूद करावे, मनाने भरू नये.' त्यानंतरही क्रमांक आला की ते पडताळतातच.

हे सगळं मी वैतागूनच सांगत राहिलो असतो. पण गेल्या महिन्यात आमच्याकडं भांडी घासणाऱ्या मावशी संजय गांधी निराधार योजनेचे कागद घेऊन आल्या. महिना १,५०० रुपयांचा प्रश्न. नातवानं बॉटकडून अर्ज लिहून आणला होता: 'वैधव्याच्या अंधारात आशेचा किरण शोधणारी मी एक अभागिनी...' भाऊसाहेबांनी तो वाचला, घडी घातली आणि सवयीनं विचारलं, "संदर्भ काय?"

मावशी म्हणाल्या, "मालक गेले."

भाऊसाहेब खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. कधी गेले? दाखला काढलात? रेशनकार्डावर अजून त्यांचं नाव आहे? मुलगा पैसे देतो? मावशी एकाचं विचारलं की दुसऱ्याचंच सांगत होत्या, मध्येच म्हशीचं, मध्येच दिराचं. एका ओळीत तीन त्रुटी काढणारा हा माणूस तासभर ऐकत राहिला आणि पाठकोऱ्या कागदावर टिपत राहिला. फोन शेवटी उघडला. जमलेली माहिती देऊन त्यांनी बॉटला दहा ओळींचा मसुदा मागितला आणि आलेल्यातल्या दोन ओळी खोडल्या.

मावशी झेरॉक्सच्या दुकानाकडं गेल्यावर मी म्हटलं, "भाऊसाहेब, नोकरीत असताना अशा बायका बऱ्याच येत असतील."

"येत ना. कागद अपुरे असले की शेरा मारून परत. काय अपुरं आहे ते आम्ही स्वच्छ अक्षरात लिहायचो." त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "तिला वाचता येतं का, हा रकानाच नव्हता."

मला पुढं काय बोलावं सुचेना. पण तेवढ्यात त्यांचा आवाज चढला, "बघत काय उभे राहिलात? स्टेपलर आणा. आणि तिनं झेरॉक्स दोनच काढल्या असणार, पळा, तीन प्रती लागतात!"