दाजींचा चाकू आणि जोतिबाचा गुलाल

ज्यानं आयुष्यात कांद्याच्या पातीपेक्षा चिवट काही कापलेलं नाही, त्यालाच जगातला सर्वांत मजबूत घडीचा चाकू हवा असतो. ऊसतोडणीवाला असल्या शोधात पडत नाही. त्याचा कोयता लोहारानं ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून ठोकून काढलेला असतो आणि त्याला घडीबिडी काही नसते. पण आमचे दाजी पतसंस्थेच्या वसुली खात्यात आहेत. तिथं धार लागते ती जिभेला. त्यामुळे हाताला काहीतरी धारदार लागावं, ही त्यांची इच्छा बरीच वर्षं तुंबलेली होती.

"चाकू हवा तो हार्ड यूजचा," दाजी म्हणाले.

"म्हणजे कशाचा?"

"समजा, पाव्हणं, गाडी दरीत गेली आणि सीटबेल्ट अडकला."

दाजी सीटबेल्ट लावत नाहीत. पोलीस दिसला की तो खांद्यावरून ओढून मांडीवर धरून बसतात. हे मी बोललो नाही. बहिणीच्या नवऱ्याला सगळंच बोलता येत नाही.

"समजा, आंबोलीच्या जंगलात रात्र काढायची वेळ आली."

आंबोलीला दाजी सहकुटुंब गेले होते. रात्री गरम पाणी आलं नाही म्हणून त्यांनी खोली बदलून घेतली होती.

"आणि समजा, चैत्रात जोतिबाला सासनकाठीची दोरी कुठं अडकली तर?"

इथं मात्र मला गप्प बसवेना. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या, म्हणजे वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर गावोगावच्या सासनकाठ्या येतात. उंचच उंच वेळू कमरेशी तोलून एक गडी नाचवतो आणि चारी बाजूंनी तोरण्या, म्हणजे ताणाच्या दोऱ्या, धरून बाकीचे त्याला सांभाळतात. त्या गर्दीत कुणी खिशातून चाकू काढून मानाच्या काठीची तोरणी कापायला निघाला, तर हार्ड यूज चाकूचा होणार नाही, दाजींचा होईल.

तरी शोध सुरू झाला. दाजींनी पोलादांची नावं पाढ्यांसारखी पाठ केली. लॉकचे प्रकार तोंडपाठ केले. आपल्या वडिलांच्या पिढीकडे नुसत्या स्प्रिंगवर उभा राहणारा चाकू असायचा. पाठीकडून जरा दाब आला की तो मालकाच्या बोटांवर मिटायचा. मग पाठीत खटका असलेले आले. मग आतली पातळ पट्टी आडवी सरकून पात्याला टेकू देते तो लायनर लॉक आला, आणि त्याचा थोरला भाऊ फ्रेम लॉक, ज्यात मुठीची अख्खी भिंतच पात्यामागं येऊन उभी राहते. फ्रान्समध्ये जोसेफ ओपिनेलनं १८९० च्या सुमारास लाकडी मुठीचा शेतकऱ्यांचा चाकू काढला. त्याला १९५५ साली एक फिरती कडी बसवली. कडी फिरवली की पातं जागेवर पक्कं. आपल्याकडं घडीचा चाकू म्हटलं की रामपुरी आठवतो, पण त्याची कीर्ती भाजी चिरण्यात नाही. 'वक्त'मध्ये (१९६५) राजकुमारनं तो हातात घेतला तेव्हापासून हिंदी सिनेमातल्या प्रत्येक गुंडाच्या खिशात तो खटकन् उघडत राहिला.

"डी-टू पोलादाचा घेतोय," दाजींनी शेवटी जाहीर केलं. कोल्हापुरात पोलादाबद्दल असं मोठ्यानं बोलायचं नसतं. उद्यमनगर आणि शिरोलीचे कारखाने असलेल्या या गावात प्रत्येक घरामागं एक तरी माणूस ओतकामात नाहीतर टूलरूममध्ये असतो. माझा उद्यमनगरातला मित्र तेवढ्यासाठी चहा अर्धा टाकून आला.

"डी-टू?" तो म्हणाला. "त्याच्या आम्ही डाय करतो. दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियम. रॉकवेलवर कडकपणा साठला नेला की धार लवकर जात नाही. पण आडवा पीळ दिला की तुकडा पडणार. स्विस चाकू छप्पनच्या आसपास ठेवतात. त्याची धार लवकर उतरते, पण तो वाकेल, सहसा मोडणार नाही. भावा, कडकपणा आणि चिवटपणा दोन्ही पुरेपूर एका पात्यात बसत नाहीत."

"मग मजबूत कुठला?"

"दाजी, तुम्ही पात्याचं विचारताय. मोडायचा झाला तर तो खिळ्यात मोडतो. घडीचा चाकू म्हणजे कारखान्यातच मधोमध मोडून, खिळा मारून विकलेला चाकू. मजबूत पाहिजे तर सरळ म्यानातला घ्या."

म्यानातला घेऊन वसुलीला जाता येत नाही, हा दाजींचा मुद्दा रास्त होता. कायद्याचंही एक असतं. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं परवान्याच्या कक्षेत येतं, घरची आणि शेतीची अवजारं वगळून. शिवाय पोलिसांचे मनाई आदेश निघतात तेव्हा इंच मोजत कुणी बसत नाही. म्हणून दाजींनी तीन इंची पात्याचा, फ्रेम लॉकचा, बॉल बेअरिंगवर फिरणारा चाकू घेतला. अंगठा लावायचा अवकाश, पातं सळ्ळकन् बाहेर. दाजी तो टीव्हीसमोर बसून इतका उघडमीट करायचे की मालिकेतल्या सासवाही दचकत असतील.

माघातल्या रविवारी आम्ही खेट्याला निघालो. खेटा म्हणजे कोल्हापुरातून अनवाणी चालत जोतिबा. वडणगे, निगवे, कुशिरे, मग गायमुखापासून चढ. दाजींच्या आई, म्हणजे आमच्या मावशीही बरोबर होत्या. चढाला लागलो आणि त्यांच्या टाचेत बाभळीचा काटा गेला.

दाजींनी आयुष्यभर वाट पाहिलेला क्षण समोर होता. सळ्ळकन् पातं बाहेर आलं. चढणारी माणसं वळसा घालून जायला लागली.

"बाळ, ठेव ते खिशात," मावशी म्हणाल्या. त्यांनी बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली, उघडली, टोकानं कातडी जराशी उकरली, काटा वर आणला, नखांत धरून उपसला, पिन मिटवून परत बांगडीत अडकवली. हे सगळं शेजारणीशी सुनेबद्दल बोलता बोलता झालं. वाक्यसुद्धा तुटलं नाही.

मी पुढं बराच वेळ त्या पिनेचाच विचार करत होतो. तीही घडीचीच. वाकवलेल्या तारेचीच स्प्रिंग, टोकाला टोपीचं लॉक. अमेरिकेतल्या वॉल्टर हंटनं १८४९ साली तिचं पेटंट घेतलं आणि चारशे डॉलरला विकून टाकलं. तिच्यात खिळाच नाही, त्यामुळं खिळ्यात मोडायचा प्रश्नच नाही.

वर देवळाशी मात्र दाजींनी माघार घेतली नाही. गुलाल-खोबऱ्याची उधळण चालली होती. दुकानदार खोबऱ्याची वाटी दगडावर आपटायचा आणि तुकडे पुढं करायचा. दाजींनी अख्खी वाटी मागून घेतली. तीत चाकूचं टोक रोवलं आणि मनगट पिळलं. खोबरं फुटलं आणि टोक आतच राहिलं. उद्यमनगरचा शब्द खरा झाला. पण खरी कसोटी पुढंच होती. वरून कुणीतरी मूठभर गुलाल टाकला. दाजी गुलाबी झाले, मी गुलाबी झालो आणि चाकूही गुलाबी झाला. खोबऱ्याचं तेल, हाताचा घाम आणि गुलाल यांचा मिळून एक लगदा तयार झाला आणि तो थेट खिळ्याच्या पोटात शिरला. चाकू धड उघडेना, धड मिटेना. जत्रेच्या गर्दीत अर्धवट उघडा चाकू धरलेला माणूस कसा दिसतो? दाजींनी तो घाईघाईनं उपरण्यात गुंडाळला आणि "चांगभलं!" अशी आरोळी ठोकली. ती जरा जास्तच मोठी झाली.

गाभाऱ्यासमोर उभं राहिल्यावर मला देवाची बाजू अधिकच पटली. रत्नासुराला मारून डोंगराला रत्नागिरी हे नाव देणाऱ्या जोतिबाच्या चार हातांत खड्ग, त्रिशूळ, डमरू आणि अमृतपात्र आहे. हार्ड यूजचा याहून मोठा अनुभव महाराष्ट्रात कुणाला नसेल, आणि चारांतलं एकही घडीचं नाही.

सोमवारी उद्यमनगरातल्या टेबलावर चाकू खोलला. इवलाली पोलादी बेअरिंगं गुलालात रुतून बसली होती, पेढ्यावरच्या वेलदोड्यासारखी. मित्रानं ती पेट्रोलात धुतली, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला आणि न विचारता निकाल सांगितला. तो मी आता कुणीही विचारलं तर सांगतो. बेअरिंगचा चाकू टीव्हीसमोर छान. धूळ, माती, उसाचा रस, गुलाल यांत वावरायचं असेल, तर फॉस्फर ब्रॉन्झच्या साध्या चकत्यांवर फिरणारा घ्या. जरा जड उघडेल, पण कचरा खाऊनही फिरत राहील. मुठीची पाठ उघडी हवी, म्हणजे नळाखाली धरता येतो. खिळा रिव्हेटचा नको, स्क्रूचा हवा, म्हणजे घरी खोलता येतो. पातं हलवून बघा. नवा असतानाच डावी-उजवीकडे डुलत असेल, तर तिथंच ठेवून या. कोकणात किंवा उसात काम असेल, तर स्टेनलेस घ्या. डी-टू म्हणायला जवळपास स्टेनलेस आहे, पण त्या जवळपासमध्येच गंज बसतो. आणि चाकूनं कापा. उचकटू नका. उचकटायला टॉमी मिळते, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात.

दाजींनी हे सगळं नीट ऐकून घेतलं. टोक नसलेला चाकू मिटवून खिशात टाकला. जरा विचार केला.

"पाव्हणं," ते म्हणाले, "टॉमी घडीची मिळती का हो?"