वर्तुळ मार्ग सुरू आहे!

पुण्याच्या पोटातून फिरणारा वर्तुळाकार वाहतूक मार्ग १९८७ च्या विकास आराखड्यात आखलेला आहे. लांबी सुमारे ३६ किलोमीटर, नाव 'एचसीएमटीआर'. हे नाव न अडखळता म्हणू शकणारे बरेच नगरसेवक एव्हाना माजी झाले. मध्यंतरी निविदाही निघाल्या, पण अंदाजापेक्षा इतक्या फुगून आल्या की महापालिकेने त्यांना हात जोडले. तेव्हापासून मार्ग पुन्हा नकाशात विश्रांती घेतो आहे.

आमचं म्हणणं एवढंच की, शहरात वर्तुळाकार रेल्वे नाही असं म्हणू नका. आहे. स्वारगेटजवळ, पेशवे उद्यानात, एप्रिल १९५६ पासून धावते आहे. तिचं नाव फुलराणी. आपले वाहतूकतज्ज्ञ अभ्यासदौऱ्यावर पार परदेशात जाऊन येतात, पण पेशवे उद्यानात जात नाहीत. तिथे भत्ता मिळत नसावा.

अस्सल पुणेकर काळ मोजतो तो पानशेतच्या पुराआधीचा आणि पुरानंतरचा. फुलराणी पानशेतच्या आधीची. ती आली तेव्हा महाराष्ट्र राज्यही व्हायचं होतं. पुणे महापालिका १९५० सालची, म्हणजे गाडी आणली तेव्हा महापालिका स्वतःच सहा वर्षांची होती. त्या वयात आगगाडीचं वेड असायचंच. फरक इतकाच की तेव्हा हट्ट धरला आणि गाडी आली. पुढे वय वाढलं, मग सल्लागार नेमायची सवय लागली.

जागेचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी तळं केलं, त्यात बेट ठेवलं, बेटावर पुढे गणपती आला. कालांतराने पाणी गेलं, बाग आली, पण गणपती अजून 'तळ्यातला'च. थंडीत त्याला स्वेटर आणि कानटोपी घालतात, तेव्हा पुणेकरांना माया नाही असं कुणी म्हणू नये. शेजारच्या पेशवे उद्यानात प्राणी होते. वाघ, सिंह, हत्ती. १९९९ साली कात्रजला नवं प्राणिसंग्रहालय झालं आणि एकेक करून सगळे तिकडे गेले. त्यांच्या जागी ऊर्जा उद्यान झालं. पूर्वी मुलं वाघ बघायला यायची, नंतर त्यांना सौरऊर्जा दाखवण्यात आली. सौरऊर्जेला बघून एकही मूल आईला बिलगलेलं नाही. फुलराणी मात्र राहिली. रुळावरची वस्तू उचलून न्यायची तर रूळही उपटावे लागतात, तेवढा उत्साह कुणाला नसावा.

रविवारी संध्याकाळी जाऊन बघा. रांग असते, आणि ती चक्क रांगच असते. डबे उघडे, बाकं मुलांच्या मापाची. वडील बसले की गुडघे हनुवटीला टेकतात. आई तीन-तीनदा 'हात आत घे' म्हणते आणि स्वतःचा हात मोबाइलसकट बाहेर काढते. शिट्टी होते. गाडी निघते, बागेला वळसा घालते आणि जिथून निघाली तिथेच परत येते. उतरायच्या वेळी एखादं पोर दांडीला दोन्ही हातांनी धरून बसतं आणि त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागतात. पीएमपीच्या बसमध्ये दांडीला असेच धरून बसलेले लोक आम्ही पाहिले आहेत, पण त्यांना उतरायचं असतं.

जिथून निघालो तिथेच परत येण्यावरून फुलराणीला कुणी हसू नये. निदान ती ते आधी सांगते. बीआरटी २००६ च्या डिसेंबरात कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर सुरू झाली. देशातला पहिला प्रयोग म्हणून आपण मिरवलो, मग ठिकठिकाणी तिची बस-मार्गिका उखडली. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल बांधले आणि २०२० मध्ये पाडले, कारण तिथे मेट्रोसकट नवा पूल बांधायचा होता. ही वर्तुळं फुलराणीपेक्षा कितीतरी मोठी आहेत आणि तिकीट न काढलेल्यांनाही त्यांचे पैसे भरावे लागतात.

मेट्रो आली हे मान्य. भूमिपूजन २०१६ च्या डिसेंबरात, पहिली गाडी २०२२ च्या मार्चमध्ये. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २६ सप्टेंबर २०२४ ला सुरू होणार होता. पण पुण्यात पाऊस पडला, पंतप्रधानांचा दौरा रद्द झाला आणि जमिनीखालची गाडी जमिनीवरच्या पावसामुळे तीन दिवस थांबली. २९ तारखेला दूरस्थ पद्धतीने उद्घाटन झालं. फुलराणीला डोक्यावर आभाळ घेऊनच धावावं लागतं, पण गाडी सुटण्यासाठी लागतात फक्त चालक आणि मुलं. फीत नसते. म्हणूनच बहुधा तिला कुणी 'प्रकल्प' म्हणत नाही.

आता मेट्रो स्वारगेटहून कात्रजला जाणार आहे, भुयारातून. त्याआधी आमची एक विनंती विचारात घ्यावी. फुलराणीचाच मार्ग कात्रजपर्यंत वाढवावा, म्हणजे वाघ गेला त्या दिशेने मुलांनाही जाता येईल. हे छापून आलं की काय होईल तेही आम्हाला दिसतं आहे. सल्लागार नेमला जाईल. तो फुलराणी उन्नत करावी की भुयारी, यावर दोन अहवाल देईल. बालाजीनगरला स्थानक हवं म्हणून एक आंदोलन, बिबवेवाडीलाही हवं म्हणून दुसरं. पर्वतीवरून दिसणाऱ्या दृश्याला बाधा येते म्हणून हरकती मागवल्या जातील आणि पुणे असल्यामुळे त्या भरपूर येतील, टंकलिखित, तीन प्रतींत. तोवर कामासाठी म्हणून चालू फुलराणी तात्पुरती बंद ठेवण्यात येईल.

तेव्हा विनंती मागे घेतली आहे. हा मजकूर संबंधित खात्याने वाचला नाही असं समजावं.