पूर्वनियोजित खापरोळी

खापरोळीची मुख्य अडचण म्हणजे ती आदल्या दिवशीच ठरवावी लागते. दोन वाट्या तांदूळ, अर्धी वाटी उडीदडाळ, मूठभर पोहे, चमचाभर मेथ्या, हा ऐवज शनिवारी दुपारी भिजवायचा, संध्याकाळी हळद घालून वाटायचा आणि रात्रभर आंबू द्यायचा. त्यामुळे रविवारी सकाळी ‘सहज मोह झाला हो’ म्हणायची सोयच उरत नाही. दुकानातलं पॅनकेकचं तयार पाकीट फोडणाऱ्याला क्षणिक आवेगाचा बचाव तरी असतो. आमचा मात्र पूर्वनियोजित कट, आणि त्याचा पुरावा ओट्यावर पातेल्याचं झाकण वर ढकलत उभा.

घरात पोलीसही आहेत. बायकोच्या फोनमध्ये उष्मांक मोजणारं ॲप आहे. त्यात तिनं ‘खापरोळी’ टाकलं तर ते म्हणालं, ‘तुम्हाला खाखरा म्हणायचं आहे का?’ तेव्हापासून माझा त्या ॲपवर आणि ॲपचा माझ्यावर विश्वास नाही.

देशावरच्या वाचकांसाठी सांगतो, खापरोळी हा आमचा कोकणातला गोड पॅनकेक. बिडाच्या तव्यावर तेलाचं बोट फिरवायचं, डावभर पीठ घालायचं आणि ते मुळीच पसरायचं नाही. आधी कडेला दोनचार भोकं पडतात, मग बघता बघता सगळ्या अंगावर जाळी उमटते. झाकण ठेवून एक वाफ आली की कड आपणहून तवा सोडते. खाली तांबूस, वर पिवळीधमक आणि लुसलुशीत. माझा हात उलथन्याकडे गेला की आई मागून ओरडते, “उलटू नको हां, जाळी मरतली!” आई मालवणकडची. तिच्या मते जगातली निम्मी नासाडी उगाच उलटापालट करणाऱ्यांनी केलेली आहे.

आणि रस! नारळ खवून, वाटून, पिळून काढलेलं पहिलं दाट दूध. त्यात चिरलेला गूळ गारच विरघळवायचा, कारण चुलीवर चढवून उकळलं की दूध फुटतं. वेलची आणि चिमूटभर मीठ घालायचं. खापरोळी गरम आणि रस गार. वाडग्यात सोडली की तिची एकेक भोकं रस पितात, आणि बसल्या जागी ती दुप्पट जड होते. खाणाराही.

आता निमित्तं. माझ्या ओळखीतले सुशिक्षित लोक निमित्ताशिवाय गोड खातच नाहीत. गूळ आहे, साखर नव्हे! पण शंभर ग्रॅमला गुळाच्या साधारण 380 कॅलरी, साखरेच्याही जवळपास तेवढ्याच. आंबवलेलं आहे, पोटाला चांगलं! पण ते गुणी जंतू तापल्या तव्यावर केव्हाच वारलेले असतात. राहता राहिलं ओलं खोबरं, तर त्यात एक तृतीयांश निव्वळ स्निग्धांश. माझा अनुभव असा की पदार्थ घात करत नाही, निमित्त करतं. ‘पौष्टिक’ म्हटलं की माणूस निर्धास्तपणे चौथी वाढून घेतो. ओट्स-केळ्याचे सात्त्विक पॅनकेक खाणारे तर ताट उचलल्याबरोबर फरसाणाचा डबा हुडकू लागतात.

यात इंग्रजांची पद्धत मला चोख वाटते. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवास सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारी घरातली अंडी, दूध, लोणी संपवायला म्हणून पॅनकेक करायचे. त्याच दिवशी चर्चमध्ये जाऊन वर्षाची पापं कबूल करून यायचं, हीसुद्धा तिथली जुनी रीत. आधी कबुली, मग पॅनकेक. हिशेब कोरा. गोव्यातही त्याच दिवसांत कार्निव्हलचा धुमाकूळ असतो.

पण एक त्रुटी राहतेच. ते बिचारे उपवासाच्या आदल्या दिवशी खातात. आपण ऐन उपवासाला खातो. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगाच पडलेली नाही. शिवाय आपल्याकडे नैवेद्य आहे. कोकणात गौरीला घावन-घाटलं दाखवतात, तेव्हा पानात वाढलेल्या प्रसादाच्या कॅलरी विचारण्याची छाती कुणाची आहे? आई दर रविवारी पहिली खापरोळी देवापुढे ठेवते आणि तिथेच प्रकरण निकालात काढते. बायको तेवढ्यापुरती ॲप बंद ठेवते आणि दुसरी खापरोळी स्वतःच वाढून घेते.

वजनाचा प्रश्न उरतोच, नाही असं नाही. त्यावर घरात एकमतानं तोडगा निघाला आहे. सोमवारी सगळ्यांनी कडक उपवास धरायचा. बायकोनं साबुदाणा भिजत घातलाय, आई दाण्याचं कूट करतेय, आणि तूप आणायला मी निघालोय.