धंद्याचा रकाना

कोरोनाला राजा आणि रंक सारखेच, असा सुविचार २०२० साली व्हॉट्सॲपवर रोज कुणी ना कुणी ढकलायचं. ढकलणारा बहुधा घरून काम करत असे.

ठाण्याजवळच्या दिवा उपनगरात दहा बाय दहाच्या खोलीतून करता येईल अशी नोकरी फार थोड्यांना होती. इथून मुंबईला जातात ते वॉर्डबॉय, सफाई कामगार, वॉचमन, हॉटेलातले आचारी. लॅपटॉपवर गेट राखता येत नाही. मार्चमध्ये लोकल बंद पडली आणि १५ जूनला सुरू झाली ती सरकारी यादीतल्या अत्यावश्यक कर्मचाऱ्यांपुरती. खासगी एजन्सीचा वॉचमन यादीत नव्हता, पण ड्युटी सुटली नव्हती. तो शिळफाट्याला मिळेल त्या वाहनात कोंबून गेला. पोचल्यावर सोसायटीने त्याच्या हातात ताप मोजायची बंदूक आणि वही दिली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळाशी जायचं काम त्याचं. मास्क? एक दिला होता की!

शेजारच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेने तर मे महिन्यात कमाल केली. मुंबईत अत्यावश्यक सेवेला जाणाऱ्यांनी ८ मेपासून मुंबईतच मुक्काम करावा, रोजची ये-जा बंद, असा आदेश काढला. ओरड झाली, आदेश मागे घेतला. आजार नोकरीच्या वाटेने घरी येतो हे पालिकेने बरोबर ओळखलं होतं. उपाय काय, तर नोकरदारालाच वेशीबाहेर ठेवा! आणि २२ मार्चला थाळ्या वाजवल्या होत्या त्या यांच्यासाठीच.

पोलिसांत पंचावन्न वर्षांवरच्यांना घरी थांबायला सांगितलं, ते शहाणपणाचंच. साठीच्या वॉचमनला घरी कोण बसवणार?

इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी सांख्यिकी कार्यालयाने मृत्यू व्यवसायवार मोजले. मार्च ते डिसेंबर २०२० मध्ये २० ते ६४ वयाच्या पुरुषांत लाखामागे ३१.४ कोविडबळी. सिक्युरिटी गार्डमध्ये १००.७. तिप्पट! कॅलिफोर्नियातल्या पाहणीत स्वयंपाकी सर्वांत वर निघाले; त्यांच्यातले मृत्यू नेहमीपेक्षा ६० टक्के जास्त. या आकड्यांत गरिबी, दाटीवाटीची घरं, आधीचे आजार हेही मिसळलेलं आहे, मान्य. पण दिव्यात तरी हे सगळं एकाच माणसाच्या वाट्याला येतं.

आपल्याकडे काय? सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत विचारलं, आरोग्य कर्मचारी किती गेले? केंद्राचं उत्तर: अशी माहिती केंद्राच्या पातळीवर ठेवली जात नाही, आरोग्य हा राज्यांचा विषय. इंडियन मेडिकल असोसिएशनने संतापून ३८२ डॉक्टरांची यादी जाहीर केली. डॉक्टरांना निदान संघटना होती. वॉचमन गेला तर एजन्सी दुसऱ्या दिवशी बदली माणूस पाठवते.

गंमत म्हणजे मोजायची सोय आपल्याकडे आधीपासून आहे. मृत्यू नोंदणीच्या नमुना २ मध्ये मृताच्या व्यवसायाचा रकाना आहे. तो दाखल्यावर येत नाही, आकडेवारीसाठी वेगळा जातो. पण भरताना होतं काय, कारकून विचारतो, घरचे रडत-रडत 'नोकरी' म्हणतात, कारकून 'नोकरी' लिहितो. झालं! मंत्रालयातला अधिकारीही नोकरी आणि रात्रपाळीचा गार्डही नोकरी. राजा आणि रंक सारखे झाले ते इथे.

पुढची साथ येईल तेव्हा लस आधी कुणाला, मास्क कुणाला, विम्याचे पैसे कुणाला, हे असल्याच कागदांवर ठरायला हवं. राज्याने हे रकाने उघडून व्यवसायवार तक्ता छापावा. आणि तुमच्यावर तो फॉर्म भरायची वेळ आलीच, तर त्यात 'नोकरी' लिहू देऊ नका. वॉचमन असेल तर वॉचमन लिहा, आचारी असेल तर आचारी.