आठ पट पुरे!

रायफलीवर किती पॉवरची दुर्बीण बसवावी, हा प्रश्न भंडारा जिल्ह्यात कुणाला पडलाच तर त्याने दुकानदाराच्या आधी वकील गाठावा. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यापासून इथला शिकारी आजोबांच्या गोष्टींत जाऊन बसला आहे, आणि त्या गोष्टींतला वाघ दर पिढीला वीतभर वाढतो आहे. हा कायदा शिकारीचा नुसता प्रयत्नही शिकारच मानतो. पहिल्या अनुसूचीतल्या जनावराच्या वाटेला गेलात तर तीन ते सात वर्षे सरकारी पाहुणचाराची सोय आहे. नेम चुकला ही सबब तिथे चालत नाही. बंदूक गेली, पण लांबचे जवळ ओढून बघायची हौस काही गेली नाही. कोका, पवनी किंवा पिटेझरीच्या गेटवर पहाटे उभ्या असलेल्या जिप्सी बघा. प्रत्येकीत एक तरी गृहस्थ असा असतो, ज्याच्या गळ्यातल्या दुर्बिणीने त्याची मान खाली ओढलेली असते आणि तिच्या पॉवरने त्याचीच छाती वर काढलेली असते. प्रश्न जुनाच आहे, फक्त त्याचा घोडा काढून टाकला आहे: किती पट? माझे उत्तर आहे, आठ. फार हट्टच असेल तर दहा. त्यापुढचे सगळे मिरवण्यासाठी, बघण्यासाठी नव्हे.

हे शहाणपण मूळचे बंदूकवाल्यांचेच आहे. ज्या देशांत शिकारीला परवाना मिळतो तिथे रायफलीवर सर्रास दिसणारी दुर्बीण ३-९×४० या मापाची असते. म्हणजे पॉवर तीनपासून नऊ पटींपर्यंत फिरवता येते आणि पुढची काच ४० मिलिमीटरची. नवशिक्या ती विकत घेतो आणि नवावर नेऊन ठेवतो, कारण नवाचे पैसे मोजलेले असतात. मुरलेला माणूस झाडीत शिरताना ती तीनावर आणतो आणि लांबचे निवांत बघायचे असेल तेव्हाच वर चढवतो. हरीण अचानक वीस पावलांवरून उठले की नवावर ठेवलेल्या दुर्बिणीत फक्त केस दिसतात. ते पाठीचे, पोटाचे की शेजारच्या झुडपातल्या सशाचे, याचा खुलासा होईपर्यंत हरीण दुसऱ्या तालुक्यात पोचते. शिवाय ही दुर्बीण डोळ्याला चिकटवून बघायची नसते. तिच्या मागे तीन-चार इंच अंतर ठेवावे लागते, कारण गोळी सुटली की बंदूक मागे येते आणि हावरटासारखा पुढे सरकलेल्या माणसाच्या भुवईवर चंद्रकोर कोरून जाते. जवळून बघण्याच्या हव्यासाला इतकी तत्पर शिक्षा दुसऱ्या कुठल्या यंत्रात नसेल. आपल्या जोडदुर्बिणीत ती सोय नाही, म्हणून आपल्याला हिशेबाने शहाणे व्हावे लागते.

हिशेब जंगलापासून सुरू करू. आपले जंगल म्हणजे आफ्रिकेतल्या माहितीपटातले मोकळे गवताळ रान नव्हे. इथे साग, ऐन, धावडा, मोह आणि मध्येच वाट अडवून उभा बांबू. पानगळ होऊन गेली तरी नजर पन्नास पावलांवर कुठल्या तरी खोडाला जाऊन थडकते. आठ पटींच्या चांगल्या दुर्बिणीतून हजार मीटरवर सुमारे १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. तीस मीटरवर तो होतो जेमतेम चार मीटर. दहा पटींत तोच सव्वातीन मीटरच्या आसपास. वीस पटींची दुर्बीण लावली की उरतात दीड-पावणेदोन मीटर. आता नाकापासून शेपटाच्या टोकापर्यंत मोठा नर वाघ भरतो पावणेतीन-तीन मीटर. म्हणजे वीसवाल्याला तीस मीटरवरचा वाघ दिसतो तो हप्त्याहप्त्याने. गोलात नुसते पट्टे भरलेले असतात आणि ते वाघाचे आहेत की सतरंजीचे, हे गाईडला विचारावे लागते. त्याहून वाईट म्हणजे तो वाघ सापडावा लागतो. गाईड म्हणतो, ‘‘भाऊ, त्या मोहाखाली पाहा, डाव्या बाजूनं.’’ आठवाल्याच्या गोलात मोह, मोहाची डावी बाजू आणि खालची सावली असे सगळे एकदम येते. वीसवाल्याच्या गोलात सालीचा एक तुकडा येतो. साल मोहाची आहे की ऐनाची, हे ओळखण्याइतके वनस्पतिशास्त्र ठाऊक असेल तर त्याने वाघाच्या मागे लागू नये, विद्यापीठात जावे.

दुसरा हिशेब उजेडाचा. पुढच्या काचेच्या मिलिमीटरांना पॉवरने भागले की डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी निघते. ८×४२मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर, १०×४२मध्ये ४.२ आणि २०×५०मध्ये अडीच. भर दुपारी आपली बाहुली आक्रसून अडीच मिलिमीटरच्या आतबाहेर येते, तेव्हा तिन्ही सारख्याच झगझगीत दिसतात. म्हणूनच दुकानदार दुर्बीण दुपारी, रस्त्याकडे तोंड करून दाखवतो. पण जनावर दुपारी भेटायला येत नाही. ते येते गेट उघडल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात, नाहीतर संध्याकाळी गाईड घड्याळ बघू लागतो तेव्हा. त्या अंधुक वेळी बाहुली पाच मिलिमीटर उघडते आणि अडीचचा झोत तिच्यात चौथाई उजेड टाकतो. यावर कुणी हुशार म्हणेल, मग ७×५० का नको? तिच्यात तर सात मिलिमीटरचा झोत येतो. येतो खरा. पण अंधारात बाहुली सात मिलिमीटर उघडण्याचे वय आणि महागडी दुर्बीण घेण्याइतकी शिल्लक साठण्याचे वय, यांची सहसा भेट होत नाही. पन्नाशी-साठी आली की बाहुली पाचाच्या आसपास थांबते आणि उरलेला उजेड बुबुळावर पडून वाया जातो. बोटीवरच्या तरण्या खलाशांसाठी ठीक असलेले हे माप निवृत्त मंडळी भक्तिभावाने मानेला लटकवून फिरतात. ओझे आपल्या मानेला, उजेड बुबुळाला.

तिसरा हिशेब हाताचा. दुर्बीण फक्त वाघ मोठा करत नाही, धरणाऱ्याची थरथरही तितकीच मोठी करते. आठ पटींत ती सोसवते, दहात जाणवते, आणि बारा-पंधराच्या पुढे हातात धरून बघणाऱ्याला वाघापेक्षा स्वतःच्या नाडीचे ठोके अधिक नीट कळतात. त्यात जिप्सीचे इंजिन चालू असते, शेजारचा प्रवासी दर मिनिटाला ‘‘कुठाय, कुठाय’’ करत उठतो आणि गाडी होडीसारखी डोलते. वर आपला उन्हाळा. मे महिन्यात गोसीखुर्दच्या पाण्याकडे किंवा धान कापून मोकळ्या पडलेल्या बांध्यांकडे दुपारी बघावे, तर जमिनीवरची हवाच उकळत असते. पॉवर वाढवली की तो थरकाप वाढतो. पलीकडच्या काठावर बसलेला करकोचा आधी नाचतो, मग वितळतो आणि शेवटी दोन करकोचे होतो. अशा नोंदी पक्षिगणनेच्या तक्त्यात जाऊ नयेत, एवढीच प्रार्थना.

इथे तलाववाले उठून उभे राहतील, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. हा जिल्हा तलावांचा. मालगुजारी तलाव, गावोगावच्या बोड्या आणि आता गोसीखुर्दचा पसारा. हिवाळ्यात पट्टकादंब आणि चक्रवाक येतात ते नेमके माणसापासून लांब, पाण्याच्या मधोमध. तिथे आठ पट काय कामाची? उत्तर सोपे आहे: तिथे कुठलीच हातातली दुर्बीण पुरत नाही. तिथे तिकाटण्यावर बसवलेली एकनळी हवी, वीस ते साठ पटींची, आणि ती बघायचीही थंड सकाळी. पायांवर उभे राहून ती बघता येते, म्हणून तिची पॉवर मानेत अडकवावी असे ठरत नाही. एकनळी बसवण्यापूर्वी थवा कुठे आहे हे शोधायलाही आठ पटींची रुंद नजरच लागते. राहता राहिला सारस. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात मोजक्या जोड्यांनी तग धरून असलेला हा पक्षी पुरुषभर उंच. त्याला बघायला पॉवर नको, धुऱ्यावर गप्प बसण्याची सवय हवी, आणि ती कुठल्याच दुकानात मिळत नाही.

दुसरा आक्षेप बाजाराचा असतो. जत्रेत किंवा स्टेशनबाहेर खिशात मावणारी, लालभडक काचांची दुर्बीण मिळते. तिच्यावर ३०×६० असे ठसठशीत छापलेले असते आणि किंमत म्हणावी तर बऱ्या चपलांच्या जोडाइतकी. मग आठासाठी हजारो रुपये का मोजावेत? याचा निकाल लावायला सहा इंची पट्टी पुरते. आधी पुढची काच मोजा. ६० म्हणजे सहा सेंटिमीटर. ती दोन-सव्वादोन सेंटिमीटर भरली की निम्मी अब्रू तिथेच गेली. मग दुर्बीण हातभर लांब, उजेडाकडे धरा. मागच्या भिंगात एक पांढरा, गोल ठिपका तरंगताना दिसेल. हाच तो उजेडाचा झोत. ठिपक्यावर पट्टी ठेवा आणि काचेच्या मापाला ठिपक्याच्या मापाने भागा, की खरी पॉवर उत्तरात येते. काच बावीस मिलिमीटरची आणि ठिपका पावणेतीनचा असेल, तर भागाकार होतो आठ! म्हणजे ज्या आठाला आपण नाक मुरडले, तोच तीसचा मुखवटा लावून बसलेला असतो. कारण तीस पट खरोखर केली असती तर गिऱ्हाइकाने परत आणून तोंडावर फेकली असती. फसवणाऱ्यालाही मध्यम पॉवरचे महत्त्व कळते, कळत नाही ते फसणाऱ्याला. ठिपक्याच्या कडा वाटोळ्या न दिसता चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर आतल्या प्रिझमच्या काचेतही काटकसर झाली आहे, असे समजावे. चष्मा असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी: डोळा मागे ठेवून पूर्ण चित्र दिसण्याची जागा पंधरा मिलिमीटर तरी हवी, नाहीतर आठ पटींचे जग किल्लीच्या भोकातून बघावे लागते. दुर्बिणीत पाणी शिरणार नाही याची खात्रीही करून घ्यावी, नाहीतर एका पावसाळ्यात आत बुरशी धरते आणि पुढे प्रत्येक पक्षी ढगातला वाटतो.

तिसरा आक्षेप गंभीर आहे, आणि तो शेतकऱ्याचा आहे. धान ओंबीवर आले की रानडुकरांचा कळप एका रात्रीत बांधी नांगरून जातो. त्याच्यापुढे दुर्बिणीच्या पटींची चर्चा करणे म्हणजे चेष्टा. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराबाबत वनखात्याच्या परवानगीची वाट कायद्यात आहे. बंदुकीचा परवाना मात्र १९५९च्या शस्त्र कायद्याखाली वेगळा लागतो, आणि दोन्ही कागद हातात येईपर्यंत कळप पुढच्या हंगामाचे धानही चाखून गेलेला असू शकतो. ही तक्रार रास्त आहे, पण ती पॉवरच्या बाजूने जात नाही, उलट जाते. धुऱ्यावरून बांधीतले अंतर असते पन्नास-साठ पावले, वेळ अंधाराची, आणि डुकरापलीकडे राखणीला बसलेला शेजारी असण्याची शक्यता दाट. अशा वेळी आधी भोवतालचे सगळे दिसले पाहिजे. ४० मिलिमीटरची काच तीन पटींवर ठेवली की तेरा मिलिमीटरचा झोत येतो, म्हणजे डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र हरवत नाही, आणि आजूबाजूचे शेतही नजरेत राहते. नऊवर डुकराचा कान स्पष्ट दिसेल, पण कानामागे कोण उभे आहे ते कळणार नाही. आणि परवानगी डुकराची असते, शेजाऱ्याची नव्हे.

इतके असूनही माणूस मोठा आकडाच का घेतो? कारण आकडा सांगता येतो आणि नजर सांगता येत नाही. ‘माझी वीसची आहे’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीतही चालते. ‘माझ्या दुर्बिणीत सव्वापाच मिलिमीटरचा झोत येतो’ म्हणणाऱ्याच्या शेजारचा माणूस जिलबी घेऊन पंगत बदलतो. यंत्राच्या ताकदीवर आपला भरवसा कुठवर जातो याचा दाखला याच मुलखाने दिला आहे. जय नावाचा वाघ २०१३मध्ये नागझिऱ्यातून निघून उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या जंगलात आला, गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन फिरला, त्याला बघायला देशभरातून भिंगे आली. आणि २०१६च्या एप्रिलनंतर तो कुणालाच दिसला नाही. जंगलात दिसणे-न दिसणे ठरवण्याचा अधिकार जनावराने अजून कुठल्याही कंपनीला दिलेला नाही. आपल्या हातात एवढेच की ते दिसेल त्या चार-पाच सेकंदांत गोल रुंद असावा, उजेड पुरेसा असावा आणि हात कापू नये. या तिन्ही अटी एकाच वेळी पाळणारा आकडा आठ आहे; दहा दोन पाळतो आणि तिसरीची क्षमा मागतो; वीस एकही पाळत नाही, पण त्याचा डबा मोठा असतो. तेव्हा जिप्सीत कुणी विचारले, ‘‘किती पॉवरची?’’ तर न लाजता ‘‘आठ’’ म्हणावे. समोरचा दयेने बघेल, बघू द्यावे. त्याच्या वीसला मोहाचे झाड सापडेपर्यंत वाघ रस्ता ओलांडून गेलेला असतो, आणि मग दया करायची पाळी आपली असते.